तीन माणसं, एक माडी, दीड तास: बंद जागेतली पटकथा लिहिताना

गावभागकर (धागाकर्ता)

कमी पात्रं, एकच जागा आणि पूर्ण लांबीचा सिनेमा. यावर इथं तुकड्यातुकड्यांत बरंच लिहून झालंय, एका जागी नाही, म्हणून हा धागा.

आपल्याकडं एकांकिका लिहिणाऱ्यांना तोटा नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून इथल्या हाताला रंगमंचाचं वळण आहे. संवाद चोख येतात. पण एका घरात घडणारी पटकथा म्हणजे ताणलेली एकांकिका, असं समजून पात्रं पहिल्याच पानावर बोलायला लागतात आणि तिसाव्या पानावर लेखकाकडं बोलायला काही उरत नाही. माझं म्हणणं असं की आधी जागा लिहा. मग तिथून बाहेर न पडण्याचं कारण. मग कुणाला काय माहीत आहे ते. संवाद चौथ्या नंबरावर.

हवेत गप्पा नकोत म्हणून एक नमुना घेऊ. सांगलीचा गावभाग, जुना वाडा, कृष्णेला पूर. तळमजल्यात पाणी शिरलंय आणि माडीवर तिघं अडकलीत: दादा, वहिनी आणि माहेरी आलेली ताई. दादाला ताईची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. एवढंच.

जागेचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढा, १ सेंटिमीटरला १ फूट. दारं आत उघडतात की बाहेर, खिडकीतनं काय दिसतं, जिना कुठं येऊन संपतो, त्याला पायऱ्या किती, हे सगळं त्यावर हवं. खोलीचं माप लेखकाला कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी हिशोब देतो. सुपर ३५ सेन्सरच्या (सिनेमाच्या कॅमेऱ्यांत नेहमी दिसणारं माप) कॅमेऱ्याला ३५ मिमीची लेन्स लावली आणि उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वरखाली थोडी मोकळी जागा सोडून घ्यायचा म्हटला, तर फ्रेमची उंची २ मीटर धरा. कॅमेरा साधारण ५ मीटर, म्हणजे सोळा-साडेसोळा फूट लांब लागतो. २४ मिमीला साडेतीन मीटर. १८ मिमीला अडीच मीटरच्या जरा वर, पण मग कडेची माणसं ताणलेली दिसायला लागतात. म्हणजे १० बाय १० च्या खोलीत कॅमेरामन भिंतीला चिकटून उभा राहिला तरी "ताई दारात उभी, नखशिखांत ओली" हे तुमचं वाक्य ३५ नं घेता येत नाही. एक तर खोली मोठी लिहा, नाहीतर समोरासमोर दोन दारं लिहा, म्हणजे कॅमेरा पलीकडच्या खोलीत मागं सरकतो. जुन्या वाड्यात एकामागं एक खोल्या असतात, तो फुकटचा फायदा आहे.

दुसरं, सगळी जागा पहिल्या वीस मिनिटांत दाखवून टाकू नका. आपल्या माडीवर पुढची खोली, मागची खोली, कुलूपबंद कोठी आणि सज्जा आहे असं धरू. पहिली २५ पानं पुढच्या खोलीतच काढा. मग मागची खोली. कोठीचं कुलूप ४५-५० च्या आसपास निघू दे. सज्ज्यात शेवटच्या वीस पानांत जा. प्रत्येक वेळी दार उघडायला कारण हवं आणि उघडल्यावर कुणाचं तरी नुकसान व्हायला हवं.

आता कोंडी. वाचणारा दर वीस पानांनी मनात विचारतो, ही माणसं उठून जात का नाहीत? नुसता पूर हे उत्तर पुरत नाही, कारण पुरात होडी येते. बचावपथकं फिरत असतात, हे सांगलीतल्या प्रेक्षकाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. होडी येणारच नाही अशी सोय लावत बसलात की खोटं वाटायला लागतं. त्यापेक्षा होडी आणाच. ४० व्या पानाला होडी सज्ज्याखाली येऊ दे, आणि तिघंही जायला नकार देऊ देत. दादा जात नाही कारण तो गेला की ताई एकटी घरात राहते. ताई जात नाही कारण कोठी अजून उघडलेली नाही. वहिनी का जात नाही, हे तोवर कुणालाच कळू नये. बाहेरचं कुलूप निघाल्यावर जे आतलं कुलूप दिसतं त्यावर उरलेली पन्नास पानं चालतात.

घड्याळही हवं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे इथल्या माणसाला पाठ असतात. बाहेरच्या प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही, म्हणून आकडा मोबाईलवर ऐकू दे आणि भीती जिन्यावर दाखवा. १४ पायऱ्या, प्रत्येकी ७ इंच, म्हणजे आठ फुटांच्या वर थोडी उंची. सुरुवातीला पाणी चौथ्या पायरीवर, शेवटाकडं अकराव्या. मधे ते थांबू दे, एक पायरी उतरू दे, सगळ्यांना हायसं वाटू दे, मग चढू दे. सरळ रेषेत चढणारं पाणी दहा मिनिटांत सवयीचं होतं. फक्त पुलाचे फूट आणि जिन्याचे फूट यांचा मेळ संवादात घालू नका. नदीत फूटभर वाढ झाली म्हणजे वाड्यात फूटभरच वाढेल असं नसतं.

माहितीचा तक्ता मी सर्वात महत्त्वाचा मानतो. उभे चार रकाने: दादा, वहिनी, ताई, प्रेक्षक. आडव्या ओळीत पाच-सहा गोष्टी: वाड्यावर कर्ज आहे, आईनं जाण्याआधी ताईला काही लिहून ठेवलंय, वहिनीनं ते वाचलंय, ताईचं सासरी बिनसलंय, वगैरे. प्रत्येक चौकोनात पान क्रमांक, म्हणजे ही गोष्ट या माणसाला कुठल्या पानावर कळते. सलग दहा पानांत एकही आकडा पडला नाही तर तो भाग मेलेला आहे, संवाद कितीही टाळ्यांचे असोत. आणि दोन गोष्टी एकाच पानावर चौघांनाही कळत असतील तर एक वाया गेली.

बाकी भर घाला.


बेदाणा

पात्रसंख्येचं गणित राहिलं. दोन पात्रांत जोडी एकच. तीनमध्ये जोड्या तीन आणि तिघं एकत्र अशी चौथी मांडणी. चार पात्रांत सहा जोड्या, चार तिकड्या आणि सगळे मिळून एक, म्हणजे अकरा. दोन पात्रांवर दीड तास काढणं फार अवघड, कारण मांडणी बदलताच येत नाही, फक्त पारडं बदलतं. चारमध्ये अकरा मांडण्यांना न्याय द्यायला पानं पुरत नाहीत, चौथा माणूस कोपऱ्यात चहा करत बसतो. तीन हा आकडा यासाठी सोयीचा.

तिघांच्या पटकथेत प्रत्येक जोडीला किमान दोनदा एकांत मिळाला पाहिजे, एकदा मध्यांतराआधी, एकदा नंतर. नमुन्यात वहिनी-ताई जोडी लेखक विसरणार, पैजेवर सांगतो. सहीचं भांडण बहीणभावाचं म्हणून सगळे तिकडंच धावतात. खरी मजा नणंद-भावजयीत आहे.

तिसऱ्याला खोलीबाहेर काढायचं कसं, हा पुढचा प्रश्न. "मी जरा पाणी बघून येतो" एकदा चालतं. तीनदा म्हटलं की हसू येतं. म्हणून जिन्याजवळची, कोठीतली, सज्ज्यातली कामं आधीच पेरून ठेवा: पायरी मोजणं, पिण्याचं पाणी साठवणं, सामान उचलणं, रेंज शोधणं.


क्लॅपवाली

गावभागकर, उत्तम सुरुवात. कंटिन्युइटीच्या (एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटमध्ये तसंच राहिलंय ना, हे बघण्याच्या) बाजूनं लेखकांना चार शब्द, कारण बंद जागेत तीच माणसं तेच कपडे घालून पूर्ण सिनेमाभर असतात आणि चूक लपायला जागा नसते.

जेवणाचं दृश्य लिहिताना जरा हात आखडता घ्या. तिघं जेवतायत, सहा अँगल, प्रत्येकी चार टेक, म्हणजे २४ वेळा तीन ताटं तशीच वाढायची. भाकरीचा तुकडा कुठं होता, आमटीची पातळी किती, घास कुठल्या शब्दावर. कलाकार पंधराव्या घासाला नुसतं चावायचं नाटक करतो आणि ते दिसतं. जेवण झाल्यावरचं दृश्य लिहा, खरकटी ताटं तशीच पडलेली. नाहीतर जेवायला बसण्याआधीच कुणीतरी उठून जाऊ दे.

हाताला काम हवंच, पण ते मोजता येण्यासारखं द्या. शेंगा फोडणं वाईट: टरफलांचा ढीग दर शॉटला वेगळा. कपड्यांच्या घड्या चांगल्या: "या वाक्याला पाचवी घडी" असं लिहून ठेवता येतं. कागदपत्रं वाळत घालणं तर या गोष्टीत फारच चांगलं, कागद मोजता येतात आणि कथेतलेच आहेत.

मेणबत्ती असेल तर तीन उंचीत कापून ठेवतात, पूर्ण, अर्धी, बुंधा. तुम्ही दृश्याच्या मथळ्यातच लिहा, "मेणबत्ती अर्धी". ओल्या कपड्यांचंही तसंच: चिंब, दमट, कोरडे असे तीनच टप्पे ठेवा, मधलं काही लिहू नका. सलग काळाच्या गोष्टीत प्रत्येक साडीचे तीन एकसारखे नग लागतात, हे लिहिताना लक्षात असू द्या. पैठणी नेसवलीत तर निर्माता पळून जाईल.


मिरजेचा माईक

आवाजाचं मी लिहितो. "पंखा गरगरतोय" हे वाक्य पटकथाकाराला फार आवडतं. शूटिंगला पंखा बंदच असतो, कारण त्याची घरघर संवादाखाली बसते आणि दोन शॉट जोडले की ती उडी मारते. फ्रिजही बंद करतात. (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे घरी जाताना तो चालू करायची आठवण राहते.) तुमच्या गोष्टीत पूर आहे म्हणजे वीज गेलेलीच असणार, पंखा आणि फ्रिज दोन्ही आपोआप मिटले. नसेल पूर, तर दुसरं कारण लिहा.

माडीची जमीन लाकडी असेल तर पाऊल वाजतं. पाय फ्रेममध्ये नसताना खाली गोणपाट टाकून काम भागवतात, पण लेखकानं हा आवाज कथेत वापरला तर आम्हालाही बरं. खालच्या खोलीतल्या माणसाला वरच्या पावलांवरून कळतं कोण कुठं गेलं. तुमच्या नमुन्यात खाली पाणी आहे, तर मागच्या खोलीतून पुढच्या खोलीतली पावलं ऐकू येऊ देत.

पाऊस. चालू पावसात पत्र्याखाली संवाद रेकॉर्ड होत नाहीत. कोरड्या दिवशी शूट करतात आणि पाऊस नंतर भरतात. घोळ इथं होतो: सेटवर शांतता असते म्हणून कलाकार हळू बोलतात, नंतर वर मुसळधार पाऊस टाकला की ती कुजबुज खोटी वाटते, एवढ्या आवाजात ऐकू कसं जातं? म्हणून प्रत्येक दृश्याच्या मथळ्यात पावसाची अवस्था लिहा, "जोर", "रिपरिप" किंवा "थांबलाय". जोर असेल तर कंसात "आवाज चढवून". आणि ज्या वाक्यावर गोष्ट फिरते ते पाऊस थांबलेला असताना ठेवा.

दिग्दर्शक घाईत असला तरी प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज अर्धा ते एक मिनिट रेकॉर्ड करून घ्या. हे लेखकाचं काम नाही, सांगून ठेवतोय.


नाटकवाला

एकांकिकेला नावं ठेवायची पद्धतच पडली आहे. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हा बंद खोलीचा सिनेमा सगळे डोक्यावर घेतात, तो मुळात १९५४ ला टीव्हीसाठी लिहिलेलं नाटकच होता. बारा माणसं, एक खोली, नुसतं बोलणं. संवाद चौथ्या नंबरावर असता तर तो उभा राहिला असता का? इथल्या पोरांना संवाद येतात तर त्यांना नकाशे काढायला लावू नका राव.


गावभागकर

नावं ठेवलेली नाहीत हो, वळण वेगळं आहे एवढंच म्हटलं. तुमचंच उदाहरण घ्या. १९५७ च्या त्या सिनेमात सिडनी ल्युमेटनं कॅमेऱ्याचा आराखडा असा केला की पहिला तिसरा हिस्सा डोळ्यांच्या रेषेच्या वरून, दुसरा रेषेवर, शेवटचा खालून. खालून घेतल्यामुळं शेवटी छत दिसायला लागतं. जोडीला लेन्स हळूहळू लांब पल्ल्याच्या होत गेल्या, त्यामुळं भिंती माणसांच्या पाठीला येऊन टेकल्यासारख्या दिसतात. हे दिग्दर्शकाचं काम, मान्य. पण ते करता आलं कारण लिखाणात त्या खोलीची अवस्था बदलत जाते: उकाडा, न चालणारा पंखा, मग पाऊस, मग दिवे. जागेला स्वतःची चाल होती.

रंगमंचावर तिघंही सतत दिसत असतात. एक बोलतो तेव्हा प्रेक्षक स्वतःच दुसऱ्याकडं बघून घेतो. सिनेमात मी दादावर कॅमेरा ठेवला तर ताई नाहीच. म्हणून ऐकणाऱ्याचं लिहावं लागतं. दादाचं पाऊण पानाचं भाषण असेल तर मधे दोनदा तोडून लिहा की ताई काय करते आहे. ऐकणाऱ्यात काहीच बदलत नसेल तर भाषण कापा. एकांकिकेवरून पटकथा करताना ही सर्वात जास्त राहून जाणारी गोष्ट.


नाटकवाला

ऐकणाऱ्याचा मुद्दा मान्य. नकाशाचा अजून नाही. 😀


नवखा_कराड

एक शंका. मराठीत एक पान म्हणजे एक मिनिट धरायचं का?


क्लॅपवाली

नाही. तो ठोकताळा इंग्रजीचा, ठरावीक टाईपरायटरी अक्षर, १२ पॉइंट, ठरावीक समास. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यानं ओळ उंच होते, पानावर मजकूर कमी बसतो आणि फाँट बदलला की पानांचा आकडाही बदलतो. स्वतःच्या पटकथेतली पाच वेगवेगळ्या जातीची पानं घ्या: एक भांडणाचं, एक शांततेचं, एक फोनवरचं, असं. घड्याळ लावून हालचालींसकट मोठ्यानं वाचा. भांडणाचं पान ४० सेकंदांत संपेल, "ताई कोठीत एकेक डबा उघडून पाहते" हे पान दोन मिनिटं खाईल. मग प्रत्येक दृश्याच्या समासात मिनिटं लिहा आणि पानांचा नाद सोडा. वर गावभागकरांनी दिलेले पान क्रमांक मी मिनिटं म्हणूनच वाचते आहे.

युनिकोडमध्येच टाईप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाईप केलेली फाइल दुसऱ्याकडं उघडली की नुसती रांगोळी दिसते.


स्टॅम्पपेपर

कथेतल्या कागदपत्रांबद्दल, कारण आपल्याकडचा प्रेक्षक यात पक्का असतो.

एक, गावभागातल्या वाड्याला सातबारा नाही, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड असतं. दादाच्या हातात सातबारा दिलात तर पहिल्या पाच मिनिटांत थिएटरात कुजबुज होईल.

दोन, माडीवर सही झाली म्हणजे संपलं असं नाही. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडं दाखल करायचं आणि लिहून देणाऱ्यानं तिथं येऊन सही कबूल करायची. म्हणजे ताईनं पुरात सही केली तरी पाणी ओसरल्यावर ती कार्यालयात गेलीच नाही, तर दादाच्या हातात नुसता कागद. व्यवहारात दोन साक्षीदारही घेतातच, ते या माडीवर कुठून आणणार?

तीन, ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळं "तुझा काय संबंध" हे वाक्य दादाच्या तोंडी चालेल, पण ते खोटं आहे हे ताईला माहीत असणार की नसणार ते ठरवा.


गावभागकर

हे सोनं आहे. म्हणजे सहीचा क्षण शेवटाला ठेवायचाच नाही. ६० व्या मिनिटाला ताई शांतपणे सही करून टाकते, दादा विजयी, आणि वहिनीला (जिनं असले कागद हाताळलेत) कळतं की या सहीला अजून काही अर्थ नाही. तक्त्यात एक नवीन ओळ: सही पुरेशी नाही, हे कुणाला माहीत आहे. दादाला सर्वात शेवटी.


खंबाटकी

आमच्या साताऱ्याकडून एक पर्याय. घाटात अडकलेली गाडी, आत चौघं, रात्र. खंबाटकीत कोंडी नवीन नाही. घरापेक्षा स्वस्त पडेल ना?


मिरजेचा माईक

स्वस्त नाही आणि सोपंही नाही. गाडीत सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात, मागच्यांची नजर पुढच्यांच्या मानेवर. कॅमेऱ्याच्या जागा मोजक्याच: बॉनेटवरून, दोन्ही खिडक्यांतून, मागच्या सीटवरून. अर्ध्या तासात सगळ्या संपतात. इंजिन बंद ठेवलं तर काच धुक्यानं भरते, चालू ठेवलं तर आवाज. महामार्गावर तर विचारूच नका. २० मिनिटांच्या लघुपटाला झकास. दीड तासाला लिहायचं असेल तर माणसं गाडीतून उतरतील, पुढं जाऊन परत येतील, जागा बदलून बसतील, असं आधीच लिहा. पुढच्या सीटवर कोण बसतं हीच मांडणी होते मग.


पायथ्याचा

बोलीबद्दल कुणी लिहिलं नाही. तिघंही एकाच घरातली म्हणून तिघांना एकच भाषा देऊ नका. ताई लग्नानंतर वीस वर्षं साताऱ्यात असेल तर तिच्या तोंडी "काय करतुयास" येईल, दादा "काय करालाईस" म्हणेल, आणि वहिनी शिकलेली, शाळेत शिकवणारी असेल तर घरात वेगळं, रागात वेगळं. नावं झाकून वाचलं तरी कोण बोलतंय ते कळायला हवं.

नात्यांची ओळख करून देणारी वाक्यं कापा. "दादा, तू माझा सख्खा भाऊ असून" असं कुणी बोलत नाही. हाकेतूनच सगळं कळतं: वहिनी नणंदेला "ताई, तुम्ही" म्हणते की "अगं", एवढ्यावर वयं, मान आणि भांडण तिन्ही समजतं. नवऱ्याला दीड तास "अहो" म्हणणारी वहिनी ८० व्या मिनिटाला एकदाच "तू" म्हणाली तर तेच वळण. त्याआधी चुकूनही कुठं "तू" टाकू नका.


नवखा_कराड

फ्लॅशबॅक चालेल का? आई जिवंत असतानाचा?


बेदाणा

माझं मत: नको. एकदा बाहेरची हवा दिलीत की पुन्हा कोंडी बसायला पंधरा मिनिटं जातात. आई वस्तूंतून येऊ दे: डब्यावरचं नाव, औषधाची चिठ्ठी, बँकेचं पासबुक.


खंबाटकी

इतकं कडक नको. एक चालतो, पण त्याच खोलीतला. तीच माडी, तोच उजेड, कोरडी जमीन, आई. जागा बदलत नाही त्यामुळं कोंडी सुटत नाही, आणि वेगळं लोकेशन शोधायचा खर्चही नाही.


बेदाणा

मग आईचं काम करणारी चौथी नटी आली. पैसे वाचले कुठं?


क्लॅपवाली

पैशावरून आठवलं. एक जागा म्हणजे स्वस्त, हा गैरसमज काढून टाका. छोट्या युनिटला दिवसाला चार-पाच पानं होतात. नव्वद पानांना अठरा-वीस दिवस कुणाचं तरी घर अडवायचं, त्या घरच्यांची राहायची सोय करायची, भिंती पूर्ववत करून द्यायच्या. लेखकाला एक गोष्ट करता येते: उजेडाच्या अवस्था मर्यादित ठेवा. सकाळ, दुपार, ढगाळ संध्याकाळ, मेणबत्ती, पहाट, बास. शूटिंग दृश्यांच्या क्रमानं होत नाही, उजेडाच्या गठ्ठ्यानं होतं. नऊ अवस्था लिहिल्यात तर नऊ वेळा दिवे बदलायचे.

आणि माडी लिहिलीत तरी शूटिंग शक्यतो तळमजल्यावर. वरच्या मजल्याच्या खिडकीतून उजेड टाकायचा म्हणजे बाहेर मचाण बांधून त्यावर दिवे, वारा आला की काम बंद. तळमजल्याच्या खोलीलाच माडी म्हणायचं, खिडकीतून कॅमेरा किंचित वर रोखून फक्त आभाळ दाखवायचं. त्यासाठी तुमच्या पानावर "खिडकीतून खाली गल्लीतलं पाणी दिसतं" हे वाक्य दोनदापेक्षा जास्त येऊ नये, ते दोन शॉट वेगळीकडं घेता येतात. जिनाही वेगळा: खालच्या चार-पाच पायऱ्यांचा तुकडा बांधून हौदात बसवला की कितवी पायरी म्हणाल ती.


नवखा_कराड

अजून एक. कच्चा खर्डा तयार झाला की तपासायचा कसा? तीनजण आहेत ओळखीचे, वाचायला तयार.


गावभागकर

तिघांत पात्रं वाटा आणि चौथा माणूस फक्त कृतीच्या ओळी वाचायला घ्या. तुम्ही स्वतः वाचू नका, तुम्ही चढवून वाचणार. पहिलं वाचन सगळं. दुसरं वाचन फक्त कृतीच्या ओळींचं, संवाद गाळून. त्यात ऐकणाऱ्याला कोण कुणावर चिडलंय आणि कोठी कुणी उघडली एवढं कळलं तर पटकथा उभी आहे. काहीच कळलं नाही तर ती एकांकिका आहे (नाटकवाले, ही शिवी नाही), ती सरळ रंगमंचावर करा, भावे नाट्यमंदिर आहेच.

वाचताना नकाशा मधे ठेवा आणि तिघांसाठी तीन बटणं. प्रत्येक हालचालीला बटण सरकवायचं. एखादं बटण दहा मिनिटं हललंच नाही तर त्या पानावर खूण करा. दोन माणसं एकाच वेळी एकाच दारात सापडली, किंवा कोठीत असलेल्या ताईनं सज्ज्यातलं बोलणं ऐकलं, असल्या चुका यातच सापडतात. वाचणाऱ्यांना मत विचारू नका, सगळे "छान आहे" म्हणतात. विचारा की कुठल्या पानावर मोबाईल बघावासा वाटला.


नाटकवाला

बटणांसाठी तरी नकाशा काढावा लागणार म्हणजे. बरं. १ सेंटिमीटरला १ फूट ना?